काळं म्हणजे पोकळ

पडद्यावर त्याला आपला पाय दिसला.

पाय म्हणजे पाऊल. टाचेचा गोल ठसा, चवड्याचा पसारा आणि मध्ये अरुंद होत गेलेली कमान, राखाडी धुक्यात काळंभोर उमटलेलं. बाहेरच्या कडेला ते जास्त रुतलं होतं, कारण माणूस लाथ मारतो तेव्हा सगळं पाऊल सारखं लागत नाही, कड आधी लागते. हे त्याला आत्ता कळलं, शिशाच्या काचेमागच्या या थंड खोलीत उभं असताना. मारताना कळलं नव्हतं. काचेपलीकडे टेबलावर बायको होती. तिचं तोंड यंत्राच्या पांढऱ्या पत्र्याआड गेलं होतं, अंगावर निळी चादर होती आणि जांघेवर कुणाचा तरी हातमोज्यातला हात घट्ट दाबून धरलेला होता. पायांचे तळवे मात्र उघडे होते, नेमके त्याच्याकडे वळलेले. "दिसतंय ना?" जांघेतल्या धमनीतून नळी घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं. काम आटपून ते नुकतेच बाहेर आले होते आणि उभ्या उभ्या बोटं मोडत होते. "तुम्ही फिल्मवाले. तुम्हाला काय वेगळं सांगायचं."

फिल्मवाला तो होताच, आणि सकाळी त्यानेच ते पुढे पुढे करून सांगितलं होतं, डॉक्टर, मीसुद्धा या धंद्यातला आहे, मला चित्र बघायला मिळेल का? त्याचं काम लोखंडाचं. कारखान्यात जाडजूड पाइप एकमेकांना जोडले जात, वेल्डर सांधा भरून काढी, आणि मग त्या सांध्याला अलीकडून फिल्म बांधून पलीकडून किरण सोडायचे, फिल्म धुवायची, वाळवायची, उजेडाच्या पेटीवर लावून भिंगाखाली वाचायची. वरून घासूनपुसून चकचकीत केलेला सांधा आतून कुजका निघतो तो इथे. सगळे त्याला एक्स-रे म्हणत. गेंड्यासारखा धिप्पाड वेल्डर त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा राही: "एक्स-रे, नीट बघ ना राजा जरा." "नीटच बघतोय. उकर." बस. उकर म्हणजे कापून काढ सगळं आणि पुन्हा भर. या एका शब्दाची त्याला चव लागली होती. तो उच्चारला की जिभेखाली पाणी सुटे. आणि या सगळ्या कामाला नियम एकच, पहिल्याच दिवशी उस्तादाने डोक्यात ठोकलेला. धातू भरीव असतो तिथे किरण अडतात आणि फिल्म फिकी राहते. भेग असेल, बुडबुडा असेल, सांधा धरलाच नसेल, तर किरण आरपार जातात आणि फिल्म काळी पडते. काळं म्हणजे पोकळ. हे आता त्याच्या डोक्यात नव्हतंच, डोळ्यांत जाऊन बसलं होतं. रस्त्यावर ऊन पडलं तरी सावलीच्या जागी त्याला खड्डा दिसे. तेव्हा बायकोच्या गर्भाशयात पोकळी होती आणि ती पोकळी त्याच्या पावलाच्या मापाची होती. खोलीत बटणं दाबणारा तंत्रज्ञ होता, एक सिस्टर होती, डॉक्टर होते, आणि सगळे त्या चित्राकडे बघत होते. यांना कळलं. यांना केव्हाच कळलंय, आणि मुद्दाम बोलावून, ओळख पटवायला उभं करतात तसं त्याला त्याच्या पावलासमोर उभं केलंय.

लाथ मारली त्या संध्याकाळी वेल्डर आणि त्याची बायको जेवायला आले होते. जेवणं झाली, गप्पा रंगल्या, आणि त्याची स्वतःची बायको कधी नव्हे ती बोलायला लागली. "घरीसुद्धा सोडत नाहीत हो हे. धुतलेली ताटं टॉर्च मारून बघतात. परवा पातेलं थोडं करपलं होतं, तर मला म्हणतात, उकर!" वेल्डरने मांडीवर थाप मारली. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग वहिनी, शेवटी पास केलं का नाही साहेबांनी?" "पातेलं केलं. मला अजून एकदाही केलेलं नाही, भावोजी." चौघंही हसली. तोही हसला, सर्वांत जास्त तोच हसला, जिन्यापर्यंत पोचवायला गेला, बाय करताना हात हलवला. दार लावलं. कडी घातली. ती वाकून ताटं गोळा करत होती. ती सरळ होत असताना, ताटांचा ढीग छातीशी धरून वळत असताना, ओटीपोटात. ती पडली नाही. ताटं पडली. एक ताट स्वतःभोवती फिरत राहिलं, घुंगुं घुंगुं करत, आणि ते थांबेपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत राहिली, जणू तेच काय ते महत्त्वाचं होतं. तिला दिवस गेले होते हे त्याला माहीत होतं. पाय उचलताना माहीत होतं. नंतर कितीदा तरी त्याने तो क्षण उजेडावर धरून बघितला, कुठेतरी 'माहीत नव्हतं' एवढं सापडेल म्हणून. सापडलं नाही.

    सांधा: डावा दंड, आतली बाजू. खूण: चार बोटं. बाहेरून दिसतं का: नाही, बाही लांब. निकाल: पास.
    सांधा: कानामागे. खूण: सूज. बाहेरून दिसतं का: केस मोकळे सोडले तर नाही. निकाल: पास.
    सांधा: ओटीपोट. खूण:

खूण दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या फरशीवर होती. पाणी मारून घालवलेली, पण फरशीच्या फटीत राहून गेलेली, लालसर तपकिरी. दवाखान्यात बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. मूल नव्हतंच. बुडबुडे होते, लहानमोठे, एकमेकांना चिकटलेले, पोटभर. "द्राक्षगर्भ म्हणतात याला," त्या म्हणाल्या, "द्राक्षांचा घड असतो ना, तसा. हे मूल होणारच नव्हतं." त्याला शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. सांध्यात ओल राहिली, हात हलला, मध्येच धक्का बसला, की असेच बुडबुडे धरतात. हे तो वेल्डरला कानीकपाळी ओरडून सांगत आला होता. धक्का बसला की. घड काढून टाकला. संपलं म्हणाले. पण संपलं नाही. पोट रिकामं आणि रक्ताची तपासणी मात्र म्हणे दिवस आहेत, रोज जास्त जास्त दिवस आहेत, जणू आत कुणी नसलेलं मूल वाढतच होतं. घडाचं काही गर्भाशयाच्या भिंतीत रुजून गाठ झाली होती, कॅन्सरसारखी, आणि तिच्यावर इंजेक्शनं सुरू झाली. मग पुन्हा रक्तस्राव, पुन्हा यंत्र. या वेळी रंगीत. पडद्यावर लाल-निळ्या ठिणग्या उडत होत्या, एकमेकींत घुसत होत्या, आणि डॉक्टरीणबाईंनी आवाजाचं बटण फिरवलं तेव्हा खोलीभर सुरू झालं, घुस्स् घुस्स् घुस्स्, वाफेच्या लाइनीतून गळती लागते तसं. गळतीचा आवाज तो झोपेतही ओळखायचा. कारखान्यात हा आवाज आला की सगळे पळतात. इथे कुणी पळालं नाही. बायको छताकडे बघत पडून होती, आणि तिच्या पोटातून तो आवाज येत होता, आणि त्याला वाटलं, ती मुद्दाम आवाज करतेय. बोलत नाही, त्याऐवजी हे.

त्या मारहाणीच्या वर्षांत ती कधी ओरडली नव्हती, ही गोष्ट खरी. भिंती पातळ आहेत, एवढंच एकदा म्हणाली होती. पण त्या रात्रीपासून त्याने हात लावला नाही. लावावासाच वाटला नाही म्हणणं खोटं ठरेल. वाटलं, खूपदा वाटलं, दात एकमेकांवर रगडून जबडा दुखायचा, मूठ खिशात नेऊन ठेवावी लागायची, एकदा तर जिन्यात जाऊन त्याने भिंतीवर बुक्क्या मारल्या आणि परत घरात येऊन भाजी चिरायला बसला. भाजी तो चिरायचा. पाणी तापवायचा, चादरी बदलायचा, इंजेक्शनच्या दिवशी रजा टाकायचा, तिला उलटी झाली की तसराळं धरायचा. बायकोची थोरली बहीण दर रविवारी येई, सगळे तिला ताई म्हणत, तोही म्हणे. ती स्वयंपाकघरात त्याला कमरेला फडकं खोचून उभा बघून डोळे पुसायची. "नशीब काढलंस हो," ती धाकटीला म्हणायची, "आमच्याकडे साधा पाण्याचा पेला कुणी उचलून देत नाही." बायको त्याच्याकडे बघे, शांतपणे, बराच वेळ. आणि ती नजर सहन न होऊन तो नळ सोडायचा. ती बोलेल. आज ना उद्या डॉक्टरांना सांगेल, ताईला सांगेल, माझ्या पोटात ह्यांनी. म्हणूनच तो आज चित्र बघायला आला होता. दुसऱ्या कुणी वाचायच्या आधी आपण वाचावं म्हणून.

"हे आधीचं," डॉक्टर पडद्याला बोट लावत म्हणाले. "आणि आता हे बघा, नंतरचं." चित्र पुन्हा चाललं. कमरेच्या धमनीतून काळी रेघ उतरली, फांदी फुटली, फांदी जिथे पसरायला हवी तिथे येऊन ठप्प झाली. पाऊल गेलं होतं. कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं तसं साफ. "वाळूसारखे बारीक कण सोडले नळीतून. गाठीचं रक्त बंद. आता वाहायचं थांबेल."

"डॉक्टर." आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "आधी जे काळं होतं... एवढं मोठं... तिथे आतून फाटलं होतं का?"

"फाटलं?" डॉक्टर गोंधळले, आणि मग मोठ्याने हसले. "अरे हो, तुम्ही लोखंडवाले! उलटं वाचताय तुम्ही. अहो, आम्ही रक्तात औषध सोडतो आणि हाडंबिडं सगळी चित्रातून पुसून टाकतो. उरतं ते फक्त रक्त. काळं दिसतं तेवढं सगळं रक्त. काठोकाठ भरलेलं."

"म्हणजे पोकळ नाही."

"पोकळ असतं तर मला कशाला बोलावलं असतं? मी घरी झोपलो असतो मस्त."

तंत्रज्ञ हसला. तोही हसायला गेला. "आणि असं... बाहेरून काही लागलं, आपटलं, टेबलाचा कोपराबिपरा. त्याने होतं का हे?"

डॉक्टरांची बोटं मोडायची थांबली. "पडल्या होत्या का कुठे?"

"नाही, नाही. लोक म्हणतात आपले."

"लोकांना काय कामधंदा. मार लागून ही गाठ होत नाही. जिन्यावरून गडगडत खाली आल्या असत्या तरी नाही. हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. बाईच्या बाजूचं बीज रिकामं निघतं बहुतेकदा, आणि जे काही वाढतं ते सगळं पुरुषाच्या बाजूचं. तिच्यात राहतं, तिच्या भिंतीत घुसतं, तिच्या शिरा पोखरतं, तिचं रक्त पितं, पण त्यात तिचं असं काही नसतं. गंमत आहे की नाही? म्हणजे गंमत नाही, पण आहे." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "यात चूक कुणाचीच नसते हं. त्यांची नाही, तुमची तर नाहीच. इंजेक्शनं पूर्ण करा, बऱ्या होतील. फक्त वर्षभर पुन्हा दिवस राहता कामा नयेत. सांभाळा."

नाही. तो या एकाच शब्दापाशी थांबला होता. पुढचं सगळं, भिंतीत घुसणारं, शिरा पोखरणारं, तिचं काहीही नसलेलं, त्याच्या कानांवरून ओघळून गेलं. मार लागून नाही. बाहेर व्हरांड्यात आला तेव्हा त्याला सडकून भूक लागली होती. पाय हलके झाले होते, इतके की पायरी चुकली. एखादा माणूस कित्येक महिने खांद्यावर मढं घेऊन चालतोय आणि कुणीतरी मागून हाक मारून सांगावं, अहो, ते तुमचं नाही. त्याला शीळ घालावीशी वाटली. भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्याने उगाच विचारलं, "काय बाबा, बरंय ना?" म्हातारा दचकला.

असं त्याला पूर्वी एकदाच वाटलं होतं. त्याने पास केलेला एक सांधा दाबाच्या चाचणीत फुटला होता. पाइपात पाणी भरून दाब चढवत नेतात. चढता चढता मध्येच तोफ उडाल्यासारखा आवाज झाला आणि पाण्याची पातळ, सुरीसारखी धार समोर उभ्या फिटरच्या डोळ्यावरून, गालावरून आडवी गेली. फिटर ओरडलासुद्धा नाही. त्याने नुसता हात गालाला लावला आणि हात आत गेला. चौकशी बसली. फिल्म पुन्हा काढल्या गेल्या, मोठ्या माणसांनी भिंगं लावली, आणि शेवटी निघालं की सांधा ठीक होता, फुटला तो बाजूचा पाइपच, जिथे बनला तिथूनच खराब आलेला. तुमची चूक नाही. तो घरी येताना गाणं गुणगुणत होता. ताटावर बसला, दोनदा वाढून घेतलं, सगळं सांगितलं तिला, मोठे साहेब काय म्हणाले, कसे उठून हात मिळवायला आले. आणि तिने विचारलं, "पण मग त्या माणसाच्या डोळ्याचं काय?" एवढंच विचारलं होतं तिने. तो पहिला फटका. त्याआधी ढकलणं, मनगट पिरगळणं असलं असेल, पण मारणं म्हणावं असं ते पहिलं, बसल्या जागेवरून, उष्ट्या हाताने. तिच्या गालावर कालवणाची बोटं उठली. रागाने नव्हे. तो रागावलेला नव्हताच, तो सुटलेला होता. सुटका झाली की त्याचा हात सैल पडे. तिने हे केव्हाच ओळखलं होतं. तो कामावरून रडतखडत आला तर ती निर्धास्त असे, आणि जिन्यात शीळ ऐकू आली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी भिंत मिळेल अशी जाऊन उभी राही.

वॉर्डात बायको उताणी पडली होती. भोवती अर्धवट ओढलेला पडदा, उजवा पाय सरळ, जांघेवर पट्टी आणि पट्टीवर वाळूची पिशवी. "पाय अजिबात हलवायचा नाही," सिस्टर तिला बजावत होती, "धमनीला भोक पाडलंय, खेळ नाही तो." तो दिसताच बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बघता बघता तिच्या तोंडावरचं काहीतरी मिटत गेलं. त्याने स्टूल ओढलं. सिस्टर पलीकडच्या खाटेकडे गेल्यावर तो तिच्या कानाशी वाकला.

"डॉक्टरांशी बोललो. मार लागून होत नाही म्हणाले."

ती छताकडे बघू लागली.

"ऐकतेस ना? माझ्यामुळे नाही. जिन्यावरून पडली असतीस तरी नसतं झालं म्हणाले." त्याला हसू फुटत होतं, ते तो गालात दाबून धरत होता. "मी किती महिने... तुला काय कल्पना आहे? झोप नव्हती मला."

तिने ओठांवरून जीभ फिरवली. हललीही नसेल, पण कुठेतरी स्नायू ताणला गेला असेल, पट्टीच्या कडेला लाल ठिपका आला, बघता बघता पसरला. त्याने हाक मारली. सिस्टर आली, तिने पिशवी बाजूला केली, पट्टीखाली बघितलं, त्याचा हात मनगटाला धरून खेचला आणि त्याची बोटं नेमक्या जागी रोवली. "इथे धरा. सोडायचं नाही. मी डॉक्टरांना बोलावते. पायाच्या बोटांकडे लक्ष ठेवा, गुलाबी राहिली पाहिजेत. पांढरी पडायला लागली तर थोडं सैल करा. कळलं?" आणि चपला फटफटवत गेली.

बोटांखाली काहीतरी उड्या मारत होतं. गरम, जिवंत, दोरीसारखं. त्याने तिला इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी धरलं होतं, पण हे कधी हाताला लागलं नव्हतं. जरा दाब वाढवला की ते दबे, जरा कमी केला की धडका मारत वर येई. रक्त थांबलं होतं. एवढासा जोर लावून थांबत होतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या लाथेने झालं नाही ते. मला आधीच रक्त जायला लागलं होतं. त्या दिवशी सकाळी. मी एकटीच गेले दुसऱ्या दवाखान्यात, तुम्ही कामावर होतात. त्यांनी बघून सांगितलं, मूल नाही, हे दुसरंच आहे. रात्री पाहुणे गेले की सांगणार होते." ती छताशी बोलावं तसं बोलत होती, आवाज पडलेला पण स्पष्ट. "म्हणून तर तेवढी बडबड केली जेवताना. भीती वाटत होती म्हणून."

"मग बोलली का नाहीस?" तो कुजबुजला. "इतके दिवस? मी तुझी उष्टी काढली, घाण काढली..."

"तुमचा हात थांबला म्हणून." ती म्हणाली. "बरे गेले हो हे महिने. केस गेले, तोंडाची चव गेली. पण बरे गेले."

हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा सगळं एकदम उजेडावर आलं: ती नजर. तो कमरेला फडकं खोचून उभा असताना लागलेली ती लांब, शांत नजर. दोष शोधणारी नव्हतीच ती. सांधा किती दिवस टिकतो, हे बघणारी होती. तिने त्याला वाचलं होतं, भिंगाखाली धरून, रोज, आणि तो मूर्ख भाजी चिरत होता, जिन्यात जाऊन भिंतीला बुक्क्या मारत होता, ताईच्या कौतुकाने लाजत होता. हसली असेल. मनातल्या मनात, उशीत तोंड घालून, पातेलं केलं मला नाही केलं म्हणत हसली होती तशी. कानात घुस्स् घुस्स् सुरू झालं. ते तिचं होतं की त्याचं, कळेना. हात तिथेच होता, सिस्टरने ठेवलेल्या जागी, कुणीही बघितलं तर म्हणेल काय काळजीने धरलाय. त्याने खांदा पुढे घेतला. वजन कोपरातून मनगटात, मनगटातून बोटांत उतरू दिलं. उड्या मारणारी दोरी दबली, चपटी झाली, थांबली. चादरीबाहेर तिच्या पायाची बोटं होती. अंगठा पिवळट झाला. मग फिका. मग खडूसारखा.

    सांधा: उजवी जांघ. खूण: नाही. बाहेरून दिसतं का:

दाबताना माहीत होतं.

"पाय गार पडतोय," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत नव्हता, बोटांकडे बघत होता.

"अहो. पाय गार पडतोय माझा."

जोर लावणं किती सोपं असतं. आवाज होत नाही, ताटं पडत नाहीत. तिचा हात खाटेच्या कडेवरून उठला, त्याच्या मनगटापर्यंत आला, आणि तो हात धरून ओढेल असं त्याला वाटलं. ओढली असती तर त्याने आणखी दाबलं असतं, हेही त्याला कळत होतं. तिने ओढलं नाही. हात परत खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला, आणि ती ओरडली.

"सिस्टर!"

केवढा तो आवाज. त्या काडीसारख्या, केस झडलेल्या देहातून तो निघाला कुठून? सगळा वॉर्ड उठून बसला. पलीकडच्या खाटेवरची बाई कोपरावर रेलून वर झाली, कुणाच्या तरी हातातून भांडं पडलं. "सिस्टर! सिस्टर! इकडे या! हे माझा पाय दाबतायत!" पडदा फाटेल असा ओढला गेला. सिस्टर आली, तिच्यामागे वॉर्डबॉय. "अहो, सोडा! काय करताय? सोडा म्हणते ना!" सोडायला हवं हे त्याला समजत होतं. बोटं सुटेनात. सिस्टरने एकेक बोट उचकटून काढलं, त्याला छातीवर हात देऊन मागे लोटलं आणि स्वतःचा हात जागेवर ठेवला, हलका. मग दुसऱ्या हाताने तिच्या पावलाला चोळू लागली. अंगठ्यावर गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. सगळा वॉर्ड त्या अंगठ्याकडे बघत होता.

"यांना बाहेर बसवा," बायको म्हणाली. ती धापा टाकत होती. "आणि परत आत सोडू नका."

का म्हणून कुणीच विचारलं नाही. सिस्टरने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, त्याच्या हाताकडे एकदा पाहिलं, आणि वॉर्डबॉयला मानेने खुणावलं. वॉर्डबॉय त्याच्याएवढाच होता, पण त्याने दंडाला धरलं ते असं धरलं की तो निमूट चालू लागला. चालताना त्याला काहीतरी बोलायचं होतं, समजावून सांगायचं होतं, डॉक्टरांनाच विचारा ना, आत्ताच तर ते म्हणाले. खाटांवरच्या बायका त्याच्या वाटेवरून पदर, पाय, पिशव्या आत ओढून घेत होत्या. दार झुलतं होतं. ते त्याच्यामागे दोनदा इकडेतिकडे झालं आणि स्थिर झालं.

व्हरांड्याच्या टोकाकडून ताई येत होती. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात धुतलेल्या गाउनची पिशवी, चालून चालून दमलेली. त्याला बघून तिचा चेहरा उजळला, मग त्याचा चेहरा बघून उतरला. "काय हो, झालं का? बाहेर का तुम्ही? काय म्हणाले डॉक्टर?"

ते वाक्य त्याच्या तोंडात तयारच होतं, मघापासून, व्हरांडाभर घोळवलेलं.

"माझी चूक नाही म्हणाले," तो म्हणाला.

दारामागून बायकोचा आवाज येत होता. ती सिस्टरला काहीतरी सांगत होती, सलग, न थांबता. ताईने थर्मास खाली ठेवला.

"कशात?" तिने विचारलं.